आई महिन्यात दोनदा पडली, हँडल बसवून झाली, आता पुढे काय?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ७६ वर्षांच्या, पाचपाखाडीत राहतात, महिन्याभरात दोनदा पडल्या, एकदा पहाटे बाथरूमला जाताना आणि एकदा संध्याकाळी ओट्यापाशी मागे वळताना. एक्स-रे नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले वयोमानाने होतं असं. बीपीच्या दोन गोळ्या, शुगरच्या दोन, रात्री झोपेची अर्धी. तुम्ही बाथरूममध्ये हँडल लावून घेतली, पायपुसणी उचलली आणि आता त्यांना एकटीला उठूच देत नाही, चहापासून ताटापर्यंत सगळं जागेवर. आणि विचारताय की अजून काय करू.

तर आधी ते शेवटचं बंद करा. राग मानू नका, तुम्ही प्रेमानेच करताय, पण मी तेवीस वर्षं ठाण्यात घरोघरी फिरून फिजिओथेरपी करतेय आणि पडल्यामुळे जेवढी माणसं खाटेला खिळलेली बघितली त्यापेक्षा जास्त पडल्यानंतर घरच्यांनी बसवून ठेवल्यामुळे खिळलेली बघितलीत. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं, तर तेवढ्यात प्रत्येकाच्या पायाचे सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू गेले. दहा दिवसांत! तुमच्या आई महिनाभर खुर्चीत आहेत. म्हणजे पहिल्यांदा पडल्या तेव्हा पायात जेवढा जोर होता तेवढाही आज नसणार, आणि तिसऱ्यांदा पडायची तयारी आपणच करतोय.

दुसरी गोष्ट, 'वय झालं' हे कारण नसतं. वय सगळ्यांचंच होतं, पण पासष्टीच्या पुढच्या साधारण तीनातला एक माणूस वर्षात पडतो, बाकीचे दोन नाही पडत, मग याच का पडल्या? ताप आला की आपण तापाचं कारण शोधतो ना, तसंच आहे हे. आणि बहुतेक वेळा कारण एक नसतं, तीन-चार बारीक बारीक गोष्टी एका वेळी जमून येतात, म्हणून घरात कोणाला काही सापडत नाही आणि मग खापर फरशीवर फुटतं.

मी पेशंटच्या घरी गेले की पहिल्यांदा कुठे पडलात हे विचारतच नाही. पडायच्या आधीच्या पाच मिनिटांत काय करत होतात ते विचारते. झोपेतून उठल्या होत्या का, जेवून उठल्या होत्या का, मान वर करून फळीवरचा डबा काढत होत्या का, घाई होती का लघवीची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडताना आठवतंय का. 'पाय सरकला, हात टेकायला गेले, टेबलाचा कोपरा लागला' असं सविस्तर सांगितलं तर ठीक. पण 'काही कळलंच नाही, डोळे उघडले तर खाली होते' असं म्हणाल्या तर माझं काम तिथेच थांबतं, आधी ईसीजी आणि हृदयाचे डॉक्टर, व्यायाम नंतर. हे आईंना शांतपणे विचारा, सगळ्यांसमोर नको. बायका सांगत नाहीत हो. 'काही नाही गं, जरा सरकले' हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि नंतर कळतं की चार महिन्यांत ही पाचवी वेळ.

आता तुमच्या आईंचं पहाटेचं पडणं घेऊ. पहाटे, झोपेतून उठून, बाथरूमकडे. यात मला पहिला संशय बीपीचा. बीपी जास्त असण्याचा नाही, उभं राहिल्यावर एकदम खाली जाण्याचा. हे तपासायला घरचं मशीन पुरतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करा, एका मिनिटाने घ्या आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला किंवा खालचा १० किंवा जास्त, तर उत्तराचा मोठा भाग तिथेच मिळाला. शेजारी कोणीतरी उभं राहा, चक्कर आली तर लगेच बसवा. सकाळी उठल्या उठल्या एकदा करा आणि दुपारी जेवणानंतर तासाभराने एकदा, कारण काही जणांचं जेवल्यावर उतरतं.

हे मी शिकले ते चूक करूनच. अगदी सुरुवातीच्या वर्षांत घोडबंदर रोडला एक काका होते, मी त्यांच्या घरातलं सगळं नीट करून घेतलं, व्यायाम लावून दिले, आणि तीन आठवड्यांत ते परत पडले. मला वाटलं व्यायाम करत नसतील. काकू सहज बोलून गेल्या, 'अहो हे नेहमी जेवून उठले की भिंत धरतात.' मग बीपी घेतलं, झोपून १५० आणि उभं राहून ११८. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी दोन्ही एकाच वेळी घेत होते. फिजिशियननी वेळा बदलल्या, एक डोस कमी केला, बस. माझे व्यायाम चुकीचे नव्हते, पण पाण्याची टाकी गळतेय आणि आपण बादल्या भरतोय असं चाललं होतं. तेव्हापासून बीपी मशीन माझ्या पिशवीत असतंच.

झोपेची अर्धी गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यातलं काहीतरी असणार, ठाण्यातल्या निम्म्या आज्यांकडे असते, कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी लिहून दिलेली आणि पुढे चालूच राहिलेली. पहाटे चार वाजता तिचा अंमल पूर्ण गेलेला नसतो, आणि नेमकी त्याच वेळी लघवीला जाग येते. पण प्लीज स्वतःहून बंद करू नका! एकदम बंद केली तर झोप उडते, बेचैनी येते, काहींना फिटसुद्धा येते. डॉक्टरांना सांगून आठवड्या-आठवड्याने उतरवायची असते. सर्दीची झोप आणणारी गोळी, खोकल्याचं सिरप, बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध, डिप्रेशनची गोळी, हे सगळं त्याच हिशोबात येतं. सगळ्या गोळ्या, केमिस्टकडून आपल्या मनाने आणलेल्या पण, एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन फिजिशियनकडे जा. चिठ्ठी नको, पिशवीच, कारण चिठ्ठीत काकू सोयीचं तेवढंच लिहितात.

शुगरच्या दोन गोळ्यांचा एक वेगळा विषय आहे आणि तो आपल्याकडे फार होतो. संकष्टी. दिवसभर साबुदाण्याच्या चार घासांवर, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, आणि ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, मात्र सकाळी नेमाने घेतलेली. संध्याकाळी शुगर फार उतरते, घाम येतो, हात थरथरतात, आणि ओट्यापाशी माणूस खाली. त्या दुसऱ्या पडण्याच्या दिवशी उपास होता का ते आठवून बघा. उपास सोडा असं मी सांगणार नाही, सांगून कोणी ऐकलेलं नाही आजवर, माझ्या सासूबाईंनीही नाही. पण उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा. दुसरी गोळी मेटफॉर्मिन असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल, त्यात आई शाकाहारी, तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी असलं किंवा शुगरने पायाच्या नसा गेल्या असल्या की तळपायाला जमीन नीट कळत नाही, माणूस डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. ओळखायची खूण सांगू? वॉशबेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते का विचारा. अंधारात जास्त डगमगतात का विचारा. हो म्हणाल्या तर तळपायाची तपासणी करायला हवी.

आता घरच्या घरी करायच्या दोन-तीन चाचण्या, रविवारी निवांत करा. हातांची साधी खुर्ची घ्या, सोफा नको. तुमच्याकडे दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर पाच फरश्या मोजा, दहा फूट होतात, म्हणजे ३ मीटर. आईंना म्हणा खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने त्या खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. पण मी सेकंदांपेक्षा वळणं जास्त बघते. एका झटक्यात वळतात की सहा-सात छोटी पावलं टाकत टाकत वळतात? त्या ओट्यापाशी वळतानाच पडल्या होत्या ना. आणि चालताना मध्येच काहीतरी विचारा, 'आज भाजी काय केली?' बोलण्यासाठी थांबल्या तर तेही लिहून ठेवा, चालणं आणि बोलणं एका वेळी जमत नाही याचा अर्थ सगळं लक्ष तोल सांभाळण्यातच जातंय.

दुसरी, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभ्या राहतात. त्यांच्या वयाच्या बाईने निदान १० वेळा तरी उठायला हवं. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर आकडा शून्य, लाजायचं काही नाही, तिथून सुरुवात करायची. तिसरी ओट्याला लागून करा, हात ओट्याच्या वर फूटभर, तुम्ही मागे उभे. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटं लावून सरळ रेषेत उभं राहायचं, दहा सेकंद. नाही टिकल्या तर तोल कच्चा आहे.

पाऊलं खूप छोटी झालीयेत, हात हलत नाहीत, लघवीवर ताबा नाही, विसरायला लागल्यात, असं काही बरोबर असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरतं असं असेल तर ते कानाचं असतं आणि बहुतेक वेळा तज्ज्ञांकडच्या एक-दोन भेटींत बरं होतं, त्यासाठी वर्षभर चक्करेच्या गोळ्या खात बसू नका.

व्यायाम. 'आई रोज तलावपाळीला एक चक्कर मारायची' असं तुम्ही लिहिलंय. छान आहे, परत सुरू करायचंच आहे, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होत नाही, हे लोकांना पटतच नाही. तोल आणि पायाची ताकद यांचा व्यायाम लागतो. शंभरच्या वर अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की अशा व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं. न्यूझीलंडला ओटागो नावाचा घरी करायचा कार्यक्रम आहे, मी साधारण त्याच धर्तीवर देते, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. जिम-बिम काही नाही, आपला ओटा. ओटा धरून टाचा उचलणं म्हणजे पोटऱ्यांसाठी, मग चवडे उचलणं, पाय बाजूला नेणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, मग उलटं चालणं, एका रेषेत चालणं, आणि खुर्चीतून उठबस. सुरुवातीला दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, मग हात वर. थोडं डगमगायलाच हवं, अजिबात डगमगत नाहीत तर तो व्यायाम त्यांना सोपा आहे. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे तरी फिजिओ समोर हवा, कारण नेमकं किती डगमगू द्यायचं ते घरच्यांना कळत नाही, ते एकतर घाबरून घट्ट धरतात नाहीतर मोबाइल बघत बसतात. आणि हे दोन महिने करून सोडलं तर दोन महिन्यांत जातं पण. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा उचलायच्या अशी सवय लावलेल्या माझ्या नौपाड्यातल्या एक आजी आहेत, ८३ वर्षांच्या, दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, रोज खाली उतरतात.

घराबद्दल. हँडल लावली म्हणालात, ती कशात लावलीत? जुन्या बिल्डिंगच्या विटांच्या भिंतीत चांगली बसतात, पण नवीन टॉवरमध्ये भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधे प्लग घातले तर भार पडला की अख्खं हँडल हातात येतं, मी स्वतःच्या हातात आलेलं बघितलंय, नशीब माझं वजन होतं आणि आजींचं नव्हतं. त्या भिंतींना वेगळे अँकर मिळतात. तुम्ही स्वतः पूर्ण वजन टाकून लटकून बघा. हवेने चिकटणारी रबराची हँडल नकोत, आणि टॉवेलची दांडी म्हणजे हँडल नव्हे. आंघोळीला पाट असेल तर काढा, इतक्या खालून ओल्या फरशीवर उठणं म्हणजे कसरत आहे, रबरी बुडाची मजबूत खुर्ची आणि हँड शॉवर. प्लास्टिकची पातळ खुर्ची नको, ओल्या टाइल्सवर पाय फाकतात तिचे. आणि बाथरूमची आतली कडी! दार आत उघडणारं, कडी लावलेली आणि माणूस दारालाच टेकून पडलेला, मग सुतार बोलवा, तोपर्यंत तासभर जातो. बाहेरून उघडता येणारं लॉक बसवा, किंवा सरळ कडी लावायचीच नाही, बाहेर मुठीला नॅपकिन अडकवला की कोणीतरी आत आहे असं समजायचं.

पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीवर लागणारे छोटे एलईडी दिवे, स्वस्त मिळतात, दोन लावा. उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पावलं वरखाली हलवायची आणि मग उभं राहायचं. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद केला तर एक फेरी वाचते. गाऊन घोट्याच्या वर शिवून घ्या. घरात चप्पल म्हटलं की आपल्याकडे बायका नाक मुरडतात, पण गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी किंवा मोजे घालून फिरण्यापेक्षा मागे पट्टा असलेली, फक्त घरातच वापरायची वेगळी नवी जोडी आणा, देवघरापाशी काढून ठेवतील. पावसाळ्यात ठाण्यात काय होतं तुम्हाला माहितीये, पॅसेजमध्ये दोऱ्यांवर कपडे, खाली थेंब थेंब पाणी, लॉबीत ओल्या छत्र्या आणि कंपाउंडमध्ये शेवाळं. जून ते सप्टेंबर चालायला बाहेर नको, बिल्डिंगच्या कोरड्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारा. चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, बाहेर जायला दूरचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याची पद्धत जुनी झाली, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतील तेव्हा करून टाका.

काठी द्यायची ठरली तर आजोबांची माळ्यावरची काढू नका. चपला घालून सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेइतकी उंची हवी, आणि धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सगळे उलटीच धरतात, सिनेमात पण.

हाडं किती ठिसूळ झालीत ते बघणारा डेक्सा स्कॅन केला नसेल तर करा. व्हिटॅमिन डी कमी असेल तर डॉक्टर देतील तेवढं घ्या, पण जास्त म्हणजे चांगलं असं नाही. वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा मोठा डोस दिलेल्या म्हाताऱ्या बायका उलट जास्त पडल्या असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलंय.

अजून एक, एक्स-रे नॉर्मल आला म्हणालात. पाय टेकवताना जांघेत अजून दुखतंय का? खुब्याची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, दुखणं राहिलं तर परत दाखवा, एमआरआय लागू शकतो. डोकं आपटलं होतं का, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? तसं असेल तर बरं दिसत असलं तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, वाढती डोकेदुखी, जास्त झोप, असंबद्ध बडबड, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, यातलं काही दिसलं तर लगेच सीटी स्कॅन. डोक्यात हळूहळू साठणारं रक्त तीन-चार आठवड्यांनीही त्रास देतं.

आणि परत पडल्याच तर. धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका, सांभाळायला ब्युरोची बाई येत असेल तर तिलाही हे सांगून ठेवा, खांदा निखळतो. आधी मिनिटभर तसंच राहू दे. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, हलवलं की ओरडतात, तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. तसं काही नसेल तर त्यांनी कुशीवर वळायचं, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं, हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि जोर देऊन वर, तुम्ही मागून दुसरी खुर्ची सरकवायची. हे पडल्यावर शिकवता येत नाही, गादीवर आधीच दोन-चार वेळा करून घ्या. पहिल्यांदा त्या हसतील, 'मेल्यानो, मुद्दाम पाडताय का मला' म्हणतील. पण एकदा स्वतःची स्वतः उठता आलं की चेहराच बदलतो, अर्धी भीती तिथेच जाते, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

सोमवारी फिजिशियनकडे जाताना तीन गोष्टी न्या, बीपीचे झोपून-उभे आकडे, चालण्याचे सेकंद, आणि गोळ्यांची पिशवी. आणि उद्यापासून चहाचा कप त्यांना स्वतः उठून घेऊ दे, तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा, हात न लावता.